चर्चमधील उपासना : बायबल काय सांगते?

ग्रंथधारकांशी चर्चा करावयाची तर ती उत्तम रीतीनेच करावी, असा आदेश दिव्य कुरआनने दिला आहे (सूरह अन्‌कबूत : ४६). उत्तम चर्चेची पहिली अट म्हणजे समोरच्याचे म्हणणे त्याच्याच ग्रंथातून नीट समजून घेणे. चर्चमध्ये रविवारी जे काही घडते त्यापैकी बायबलने काय सांगितले आहे आणि काय नंतर आले आहे, हा प्रश्न स्वतः ख्रिस्ती विद्वानांनी शतकानुशतके एकमेकांना विचारला आहे. वाचकहो, या प्रश्नाचा अभ्यास आपल्यालाही बरेच काही शिकवून जातो.

मूळ ग्रंथातील उपासना

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचे वर्णन 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तेथे चार गोष्टी आढळतात : प्रेषितांची शिकवण, परस्पर सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना. यात पौलाच्या पत्रांनी आणखी काही बाबींची भर घातली आहे. सभेत ग्रंथाचे वाचन व उपदेश व्हावा, राजांसह सर्व माणसांसाठी प्रार्थना करावी (तीमथ्याला पहिले पत्र), स्तोत्रे व गीते गावीत (कलस्सैकरांस पत्र), आठवड्याच्या पहिल्या दिवशी गरजू बांधवांसाठी ऐपतीप्रमाणे रक्कम बाजूला काढावी आणि सर्व काही शिस्तीने व्हावे (करिंथकरांस पहिले पत्र). बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन विधीही ग्रंथात आहेत.

ही यादी लहान आहे. भव्य इमारत, मूर्ती, धूप, वाद्ये, विशिष्ट पोशाख यांपैकी काहीही तिच्यात नाही. मग या गोष्टी उपासनेत याव्यात की नाहीत? वादाचे मूळ येथे आहे.

दोन भूमिका

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. जर्मनीतील मार्टिन ल्यूथर (१४८३-१५४६) यांच्या परंपरेचे म्हणणे असे की, ग्रंथाच्या शिकवणीविरुद्ध जे नाही ते ठेवण्यास हरकत नाही. म्हणून त्यांच्या चर्चमध्ये चित्रे व संगीत टिकले. स्वित्झर्लंडमधील झ्विंग्ली व कॅल्विन यांच्या परंपरेने उलट नियम मांडला : ग्रंथाने ज्याची आज्ञा दिली तेवढेच उपासनेत यावे, बाकी सर्व वर्ज्य. १५२४ मध्ये झुरिचच्या चर्चमधून मूर्ती हटविण्यात आल्या. जिनिव्हात प्रामुख्याने दाविदाची स्तोत्रे गायिली जाऊ लागली आणि त्यांचा पूर्ण संग्रह १५६२ मध्ये सिद्ध झाला. कॅथलिक चर्चची भूमिका या दोहोंहून निराळी आहे. ते ग्रंथाबरोबर चर्चच्या परंपरेलाही प्रमाण मानते.

कडक नियम मानणारे बायबलमधील दोन आधार देतात. 'अनुवाद' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात ईश्वरी आज्ञांत भर घालू नये व त्यांतून काही वगळू नये, अशी ताकीद आहे. 'लेवीय' पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात अहरोनाच्या दोन पुत्रांनी आज्ञा नसलेला अग्नी वेदीपुढे आणल्याने त्यांचा नाश झाल्याचे वर्णन आहे.

मात्र याच गटाने एक महत्त्वाचा भेद केला. उपासनेचे घटक वेगळे आणि तिची साधने वेगळी. सभेची वेळ, बसण्याची व्यवस्था, दिवे, ध्वनिक्षेपक ही साधने होत. त्यांसाठी ग्रंथाची आज्ञा लागत नाही, विवेक पुरेसा असतो.

वाद्यांचा वाद

वाद्यांवरून झालेला वाद विशेष बोलका आहे. दीडशेव्या स्तोत्रात कर्णा, वीणा व झांजा यांचा उल्लेख आहे, असे एक पक्ष म्हणतो. ती वाद्ये जेरुसलेमच्या मंदिरसेवेशी निगडित होती आणि 'नव्या करारात' मंडळीसाठी त्यांची आज्ञा नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही सामान्यतः केवळ मानवी कंठच ऐकू येतो. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने स्तोत्रांखेरीज अन्य गीतांना व वाद्यांना परवानगी दिली ती २०१० मध्ये, दीर्घ चर्चेनंतर!

महाराष्ट्रात या प्रश्नाने वेगळे रूप घेतले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी अभंग, भजन व कीर्तन हे मराठी प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणले. आशय ग्रंथाचा असेल तर चाल परदेशीच का असावी, हा त्यामागचा विचार होता.

आपल्यासाठी बोध

येशू म्हणजेच हजरत ईसा (अ.) यांना उपासनेत दिलेल्या स्थानाविषयी आपला ख्रिस्ती बांधवांशी मूलभूत मतभेद आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. परंतु येथे चर्चिलेला प्रश्न आपल्याला परका नाही. संन्यास अल्लाहने विहित केला नव्हता, तो त्यांनी स्वतः निर्माण केला आणि पुढे त्याचाही हक्क राखला नाही, असे कुरआन सांगतो (सूरह हदीद : २७). हेतू चांगला असला तरी उपासनेत स्वतःहून भर घातली की तिचे ओझे पेलवत नाही. आपल्या धर्मात नवी गोष्ट घालणाऱ्याचे ते कृत्य अस्वीकार्य ठरेल, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तेव्हा दुसऱ्याच्या उपासनेला लावलेली कसोटी आपण आपल्या मोहल्ल्यातील रूढींनाही लावतो काय?

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. केवळ विधी अचूक असणे पुरेसे नाही. आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकात न्यायाविना केलेले उत्सव व गायन ईश्वराने नाकारल्याचे वर्णन आहे. भावाशी तंटा असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. सूरह माऊनमध्ये नमाज अदा करूनही शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तू नाकारणाऱ्यांची निर्भर्त्सना आहे. उपासनेत काय असावे याची चर्चा करताना, उपासनेनंतर आपल्या वागण्यात काय दिसते, हाही प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.