डब्यातले कॉर्न्ड बीफ कसे पारखावे?

प्रश्न : लंडनच्या दुकानांत कॉर्न्ड बीफचे बरेच डबे दिसतात, किमतीही वेगवेगळ्या. चांगला डबा कसा ओळखायचा?

उत्तर : आधी डबा हातात घेऊन नीट फिरवून पाहावा. फुगलेला, गंजलेला किंवा जोडाच्या कडेवर पोचा आलेला डबा सवलतीतही घेऊ नये. 1964 साली स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये विषमज्वराची साथ पसरली, 500हून अधिक लोक आजारी पडले. मूळ सापडले अर्जेंटिनाहून आलेल्या एका डब्यात. शिजवलेले डबे तिथे नदीच्या निर्जंतुक न केलेल्या पाण्यात थंड केले जात, आणि सदोष डब्यात ते पाणी शिरले असावे. दुकानातल्या काप करण्याच्या यंत्रामुळे संसर्ग इतर मांसालाही लागला.

मग लेबल. घटकांची यादी जितकी छोटी तितकी बरी: बीफ, मीठ, थोडी साखर आणि सोडियम नायट्राइट म्हणजे ई250. मांस गुलाबी दिसते ते याच्यामुळे, ताजेपणामुळे नव्हे. शिजताना मांसातले पाणी निघून जाते, म्हणून काही डब्यांवर 100 ग्रॅम मालासाठी 120 ग्रॅम कच्चे मांस वापरल्याची नोंद असते. स्टार्च किंवा इतर प्राण्यांचे मांस घातलेला माल स्वस्त पडतो, पण तो या जातीचा नव्हे. मिठाचा आकडाही पाहावा. उच्च रक्तदाब असलेल्यांनी तर नक्कीच.

उरुग्वेतल्या फ्राय बेंतोसच्या कारखान्याने हा पदार्थ ब्रिटनच्या घराघरांत नेला. तो परिसर 2015पासून जागतिक वारसा यादीत आहे. आता ब्रिटनमधले बरेच डबे ब्राझीलहून येतात.

डबा उघडण्याआधी काही तास फ्रिजमध्ये ठेवावा. चरबी घट्ट होते आणि काप भुगा न होता सरळ निघतात. उरलेले मांस झाकणाच्या भांड्यात काढून दोन दिवसांत संपवावे.