मत्स्यपेटीवरील दिवा

मत्स्यपेटी पाहताना आपले लक्ष माशांच्या रंगांकडे जाते. वरच्या दिव्याचा विचार तो बंद पडेपर्यंत कोणी करीत नाही. वस्तुतः दिवा आणि मासे यांच्या गरजा येथे परस्परविरोधी आहेत.

माशांना लागणारा प्राणवायू पाण्यात विरघळलेला असावा लागतो. ३० अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात, उघड्या हवेशी समतोल असता, तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच मावतो. उलट एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. म्हणजे तुटवडा हवेत नाही. तो पाण्यात उतरण्याची गती संथ आहे. ती वाढावी म्हणून पंपाने बुडबुडे सोडून पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवतात. परंतु प्रत्येक बुडबुडा फुटताना तुषार उडवितो. ते दिव्यावर वाळले की क्षारांचा पांढरा थर उरतो, प्रकाश मंदावतो. जोडांत ओल शिरली तर धातू गंजतो आणि विजेचा धक्का बसण्याचे भय उत्पन्न होते.

पेटी घट्ट झाकावी, असे पुष्कळांना सुचते. तो उपाय बरा नव्हे. आत उष्णता व बाष्प कोंडते, आणि गुरामीसारखे मासे तर वर येऊन हवाच घेतात. गोव्याच्या पावसाळ्यात, जेथे कपाटातील पुस्तकांनाही बुरशी येते, तेथे कोंडलेले बाष्प दिव्याला वाळू देईल कसे?

झाकण काचेचेच असावे. अ‍ॅक्रिलिकचा पत्रा खालून ओला व वरून कोरडा राहिल्याने हळूहळू वाकतो. काच पेटीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर अरुंद कापून मागे फट ठेवावी आणि तिची मागील कड किंचित खाली असावी. मग काचेवर जमलेले थेंब त्या कडेवरून पाण्यातच गळतात. बुडबुड्यांचा दगड फटीखाली नसावा, एवढे मात्र पाहावे. उड्या मारणारे मासे असतील तर फटीवर जाळी लावावी. दिवा काचेवर न टेकविता पाच-सहा सेंटिमीटर उंच, पुढच्या बाजूस ठेवला की मधून वारा खेळतो.

दिवा विकत घेताना त्यावर ‘आयपीएक्स ४’ किंवा त्याहून वरचे चिन्ह पाहावे. सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण असा त्याचा अर्थ. तारेला प्लगच्या खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारा थेंब प्लगपर्यंत न पोहोचता झोलाच्या तळाशी गळून पडेल. घरात ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असावा, तरीही पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा.

काच दर आठवड्यास उचलून पुसावी. क्षार हटत नसतील तर लिंबाचा रस चोळावा आणि स्वच्छ धुऊनच ती परत ठेवावी.