बेसिन चांगले घेतले, बसविले कोणी?

जळगाव-धुळ्याकडे घर बांधणारा माणूस बेसिन घ्यायला निघाला की चार दुकाने फिरतो. रंग पाहतो, कंपनी विचारतो, शंभर रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो. ते बसविण्याची वेळ आली की गवंड्याला म्हणतो, "तूच लावून टाक." आम्ही कापडवाले. शेरवानीचे भारी कापड घेऊन ते गोधडी शिवणाऱ्याकडे द्यावे, तसा हा प्रकार आम्हाला वाटतो. चिनी मातीचे बेसिन क्वचितच मालाच्या दोषाने फुटते. ते बसविण्याच्या दोषाने फुटते किंवा गळते. म्हणून या वेळी व्यापार-उद्योगाच्या पानावर या कामाची माहिती देत आहोत. घरमालकाला ती उपयोगी पडेल आणि हुनर शोधणाऱ्या तरुणालाही.

आधी माल समजून घेऊ. हात-तोंड धुण्याचे बेसिन 'व्हिट्रियस चायना'चे असते. त्यासाठी भारतीय मानक आय. एस. 2556 आहे. भांडी घासण्याचे जाड, वजनदार पांढरे सिंक बहुधा 'फायरक्ले'चे असते, त्याचे मानक आय. एस. 771. आपल्याकडे यातला बराच माल गुजरातेतील थानगढ-मोरबीकडून येतो. सुरत-नागपूर महामार्गाने तो थेट धुळ्यात उतरतो. थानगढला 'परशुराम पॉटरी' उभी करणारे परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ होते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

ओल्या मातीचा साचा वाळताना आणि सुमारे 1200 अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजताना आकसतो. दर फुटामागे इंचभर तरी तो कमी होतो. त्यामुळे एकाच साच्यातल्या दोन बेसिनांत सूत-दोन सूत फरक पडतोच. याचा अर्थ असा की कॅटलॉगमधले माप पाहून ओट्याचा कडप्पा कापायचा नाही. सिंक घरात आल्यावर ते उलटे ठेवून त्याचीच रेघ मारून घ्यायची. घाई करणारा मिस्त्री आधी कडप्पा कापतो, मग सिंक बसत नाही म्हणून कडेवर हातोडी मारतो. तिथे बारीक चीर पडते आणि सहा महिन्यांनी ती दिसू लागते.

दुकानात पारख करायची रीत सोपी आहे. बेसिन सपाट फरशीवर पालथे घालावे. ते डगमगले तर ते वाकडे भाजले आहे. मग बोटाने टिचकी मारावी. अखंड मालाचा आवाज खणखणीत येतो, चीर गेलेल्याचा बद्द. कापड जसे उजेडात धरून पाहतो तसे ग्लेज उजेडात तिरपे धरून पाहावे.

आता बसविण्याचे. बेसिनची वरची कड तयार फरशीपासून साधारण 80 सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन फुटांच्या दरम्यान येते. 'तयार फरशीपासून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. फरशी व्हायच्या आधी माप घेतले तर बेसिन दीड-दोन इंच खाली जाते. ब्रॅकेट भिंतीत सिमेंटने गाडले असेल तर त्याला दोन-तीन दिवस पाणी मारून मुरू द्यावे, मगच त्यावर बेसिन ठेवावे. सकाळी ब्रॅकेट गाडून संध्याकाळी बेसिन टांगणारा मिस्त्री तुमची मजुरी वाचवीत नाही, स्वतःचा एक फेरा वाचवितो. फायरक्लेच्या सिंकचे वजन तर नुसत्या कडप्प्यावर देऊच नये. खाली दोन्ही बाजूंना विटांचा आधार किंवा लोखंडी अँगलची चौकट हवी, कारण त्यात पाणी आणि देगची पडल्यावर भार दुप्पट होतो.

वेस्ट कपलिंगचा नट हाताने आवळावा, पान्याने फक्त शेवटचा थोडा पीळ द्यावा. खाली रबरी वायसर असतो, पाणी तो अडवितो. जोर लावून आवळल्याने पाणी थांबत नाही, चिनी माती मात्र तडकते. बेसिन आणि भिंत यांच्या फटीत निव्वळ पांढरे सिमेंट भरण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ते काही दिवसांत सुटते. सुटले नाही तर पुढे बेसिन काढताना फोडूनच काढावे लागते. सिलिकॉन भरावे. ते लवचिक राहते आणि ब्लेडने कापून काढता येते.

बेसिनला 32 आणि सिंकला 40 मिलिमीटरचा सांडपाण्याचा पाइप लागतो. त्याला मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर उतार हवा. मध्ये ट्रॅप हवाच. त्यात साठलेले पाणी गटाराची दुर्गंधी आणि किडे वर येऊ देत नाही. आपल्या मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना, बंद घरातले हे पाणी वाळून जाते. लग्नसराईत पंधरा-वीस दिवस गावी जाऊन आलेल्या लोकांना घरात घाण वास येतो आणि मग ते प्लंबरला दोष देतात. तांब्याभर पाणी ओतले की काम होते. उकळते पाणी मात्र सिंकमध्ये ओतू नये. साधा पीव्हीसी पाइप 60 अंशांपुढे मऊ पडतो आणि त्याचे सांधे सुटतात. भाताचे पाणी थंड होऊ द्यावे.

प्रत्येक बेसिनखाली अँगल कॉक हवा. आपल्या शहरांत नळाला पाणी काही दिवसांआड आणि वाटेल त्या वेळी येते. कोरड्या नळाची तोटी कोणीतरी उघडी ठेवतो, रात्री पाणी येते, बेसिनच्या भोकात चहाची पुडी किंवा कागद अडकलेला असतो. माडीवर बेसिन आणि खाली कापडाचे तागे असतील तर काय होते हे आम्ही एका दुकानात पाहिले आहे. ओल्या गाठी उलगडून वाळविता येतात, पण उतरलेला रंग आणि पडलेले डाग जात नाहीत, आणि तो माल मग चिंधीच्या भावाने जातो. दुकान बंद करताना कुलपाआधी अँगल कॉक बंद करावा.

आमच्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. दुकानात, कारखान्यात, ऑफिसात वजू करताना आपण पाय उचलून बेसिनमध्ये ठेवतो. एका पायावर उभा राहिलेला माणूस तोल सावरताना अंगाचा बराच भार बेसिनच्या कडेवर टाकतो. बेसिन त्यासाठी केलेले नसते. चिनी माती लोखंडासारखी आधी वाकत नाही, ती एकदम तुटते आणि तिची धार काचेसारखी असते. घोट्याजवळची नस कापली गेली तर माणूस जिवाला मुकू शकतो. बिगर-मुस्लिम मालकाच्या जागेत असे झाले तर मनेही दुखावतात, ते वेगळेच. कितीही मजबूत ब्रॅकेट लावा, यावर तो उपाय नाही. बेसिनशेजारी खाली एक वेगळा नळ घ्यावा, समोर सोळा इंच उंचीची बैठक बांधावी, नळ बसणाऱ्याच्या गुडघ्याच्या थोडा वर ठेवावा आणि पाय टेकायला खडबडीत फरशीचा उंचवटा करावा. तीन फूट रुंद जागेत हे होते. वृद्ध माणसालाही सोयीचे पडते. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एका 'मुद्द'भर पाण्यात, म्हणजे लिटरभर किंवा त्याहून कमी पाण्यात वजू करीत असत, असे हदीसमध्ये आले आहे. तेव्हा तोटी बारीक धारेचीच बसवावी.

आता पैशांचे. हे काम रोजावर देऊ नये, उक्ते द्यावे आणि त्यात काय काय आले ते कागदावर लिहावे: ब्रॅकेट, ट्रॅप, अँगल कॉक, सिलिकॉन, भिंत फोडून पूर्ववत करणे, आणि गळती निघाली तर पुन्हा येणे. कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत (सूरह अल्-बकरा, 282) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आपण मात्र ओळखीच्या मिस्त्रीशी लिहिणे म्हणजे अविश्वास समजतो. न लिहिल्याने भांडण होते आणि ओळखही जाते. काम तपासून झाले की मजुरी त्याच दिवशी, घाम वाळण्याआधी हातात द्यावी. "जुम्म्याला ये" म्हणणाऱ्या शेठकडे चांगला कारागीर दुसऱ्यांदा येत नाही.

तो चांगला कारागीर आहे कुठे? भवरलाल जैन यांनी 1980 मध्ये जळगावात पीव्हीसी पाइपचे उत्पादन सुरू केले. गाडेगावला सुप्रीमचाही कारखाना आहे. पाइप आमच्या गावचा देशभर जातो, तो जोडणारा मात्र गावात शोधावा लागतो. आय.टी.आय.मध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. आपली मुले वेल्डिंग आणि मोटर मेकॅनिककडे जातात, प्लंबिंगला 'मोरीचे काम' म्हणून नाक मुरडतात. यंत्रमागावर रात्रपाळी करून मिळणाऱ्या रोजीपेक्षा हे काम हलके नाही आणि कमी कमाईचेही नाही. भांडवल म्हणजे एक पिशवी: दोन पाने, ओळंबा, लेव्हल, करवत, ड्रिल मशीन.

काम ताब्यात घेताना बेसिन वरच्या भोकापर्यंत भरावे आणि त्या भोकातून पाणी खरोखर जाते का ते पाहावे. मग एकदम सोडावे. प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद धरावा, कारण थेंबभर ओल डोळ्याला दिसत नाही, कागदावर दिसते. हे तीनदा करावे आणि तोपर्यंत मिस्त्रीला चहा पाजून बसवून ठेवावे.