लाहोरच्या फाशीघरातील मराठी वीर : विष्णु गणेश पिंगळे

भारतीय स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात सन 1915 हे वर्ष सशस्त्र उठावाच्या एका मोठ्या, परंतु अयशस्वी ठरलेल्या प्रयत्नाचे वर्ष होय. हा प्रयत्न प्रामुख्याने पंजाबात झाला आणि त्यात आहुती देणारे बहुसंख्य वीर पंजाबी होते. त्यांच्यासमवेत लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात एक मराठी तरुणही फासावर चढला. त्याचे नाव विष्णु गणेश पिंगळे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातले तळेगाव ढमढेरे हे त्याचे जन्मगाव. सन 1888 मध्ये जन्मलेल्या या तरुणाला मृत्युसमयी अवघे सत्तावीस वर्षांचे वय लाभले होते.

पिंगळे सन 1911 मध्ये अमेरिकेस गेले. यंत्रविद्येचे शिक्षण घ्यावे, हा त्यांचा हेतू. त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकूड कापण्याच्या गिरण्यांत आणि शेतमळ्यांवर हजारो भारतीय, विशेषतः पंजाबी शेतकरी व निवृत्त सैनिक, मजुरी करीत होते. त्यांच्या वाट्याला वर्णद्वेषाचे चटके येत. सन 1907 मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावातून गोऱ्यांच्या जमावाने भारतीय कामगारांना हुसकावून लावले होते. ज्या देशाचे स्वतःचे सरकार नाही, त्या देशाच्या माणसाला परदेशातही कोणी वाली नसतो, हा धडा या कामगारांना अनुभवाने मिळाला.

या असंतोषातूनच सन 1913 मध्ये गदर संघटनेचा जन्म झाला. सोहनसिंग भकना हे तिचे अध्यक्ष, तर लाला हरदयाळ हे सचिव होते. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘युगांतर आश्रम’ हे तिचे केंद्र बनले आणि 1 नोव्हेंबर 1913 रोजी ‘गदर’ या साप्ताहिकाचा पहिला अंक उर्दूत निघाला. गदर म्हणजे बंड. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांच्यासारखे मराठी तरुणही या चळवळीत होते. पिंगळे याच प्रवाहात सामील झाले.

सन 1914 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंड पहिल्या महायुद्धात उतरले. इंग्रजांची फौज युरोपात गुंतली. भारतातील गोऱ्या सैनिकांची संख्या काही काळ पंधरा हजारांच्या आसपास उतरली होती. त्यातच ‘कोमागाटा मारू’ या जहाजाच्या 376 प्रवाशांना कॅनडाने दाराशी अडविले. बहुतेकांना परत यावे लागले, आणि 29 सप्टेंबर 1914 रोजी कलकत्त्याजवळ बजबज येथे त्यांच्यावर गोळीबार झाला. हीच वेळ आहे, असे गदरच्या नेत्यांनी ठरविले. शेकडो अनुयायी मायदेशी निघाले. नोव्हेंबर 1914 मध्ये ‘सलामिस’ जहाजाने पिंगळे कलकत्त्यास उतरले. लुधियाना जिल्ह्यातील सराभा गावचा कर्तारसिंग हा अठरा वर्षांचा तरुणही त्याच सुमारास परतला.

पिंगळे यांच्या कार्याचे खरे महत्त्व येथे ध्यानी घेतले पाहिजे. पंजाबात परतलेल्या गदर वीरांपाशी धैर्य होते, मनुष्यबळ होते. परंतु देशातील गुप्त कार्याचा अनुभव असलेले नेतृत्व नव्हते. ते नेतृत्व बंगाली क्रांतिकारकांपाशी होते. या दोन शक्तींची सांगड घालण्याचे काम पिंगळ्यांनी केले. बनारस येथे ते रासबिहारी बोस व शचींद्रनाथ सान्याल यांना भेटले, पंजाबची परिस्थिती त्यांना निवेदन केली आणि रासबिहारींना पंजाबात आणण्यात मोठा वाटा उचलला. मराठी, बंगाली व पंजाबी तरुणांनी एका योजनेत खांद्याला खांदा लावावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

योजना अशी होती : लष्करी छावण्यांतील हिंदी शिपायांना वश करून घ्यावयाचे, एका ठरलेल्या दिवशी त्यांनी बंड पुकारावयाचे आणि त्याचा वणवा छावणीमागून छावणीत पसरवावयाचा. दिवस ठरला 21 फेब्रुवारी 1915. मात्र कृपालसिंग नावाच्या खबऱ्याने ही वार्ता पोलिसांना पोहोचविली. संशय येताच पुढाऱ्यांनी दिवस 19 फेब्रुवारीवर आणला. तीही बातमी फुटली. संशयित पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली, धरपकड सुरू झाली आणि उठाव होण्यापूर्वीच मोडला गेला. रासबिहारी निसटले आणि पुढे मे महिन्यात जपानला गेले. कर्तारसिंग मार्चच्या आरंभी सरगोध्याकडे शिपायांत प्रचार करीत असता पकडला गेला.

सारे सहकारी पकडले जात असताना पिंगळ्यांनीही देश सोडला असता, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी मीरतची वाट धरली. सन 1857 चा वणवा जेथे पेटला, त्याच छावणीत पुन्हा प्रयत्न करून पाहण्याचा त्यांचा निर्धार होता. 23 मार्च 1915 रोजी बाराव्या घोडदळाच्या निवासात बाँबसह त्यांना अटक झाली. अर्धी पलटण नष्ट करण्यास ते बाँब पुरेसे होते, अशी नोंद पुढे रौलट समितीच्या अहवालात झाली.

याच मार्च महिन्यात सरकारने भारत संरक्षण कायदा मंजूर केला होता. त्यानुसार नेमलेल्या विशेष न्यायमंडळापुढे लाहोर कटाचा खटला चालला. या न्यायमंडळाच्या निकालावर अपील करण्याची सोय नव्हती. 13 सप्टेंबर 1915 रोजी निकाल लागला. चोवीस जणांना फाशी सांगण्यात आली. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी त्यांपैकी सतरा जणांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. उरलेल्या सात जणांत पिंगळे आणि कर्तारसिंग सराभा होते. 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोर येथे हे सातही वीर फासावर गेले.

हा उठाव का फसला, याचा विचार अभ्यासकाने अवश्य करावा. परदेशातून परतणाऱ्यांपैकी अनेकांना बंदरातच अडकविण्यात आले होते. शस्त्रे अपुरी होती. गुप्ततेची शिस्त सैल होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सामान्य जनता या कार्यास अद्याप जोडली गेली नव्हती. काही छावण्यांतील शिपायांच्या भरवशावरच सारी इमारत उभी होती. तो भरवसा सुटताच ती कोसळली.

तथापि हा त्याग वाया गेला, असे म्हणता येणार नाही. कर्तारसिंगाच्या बलिदानाने भगतसिंग यांना प्रेरणा दिली. पिंगळ्यांच्या अटकेनंतर बरोबर सोळा वर्षांनी, 23 मार्च 1931 रोजी, त्याच लाहोरात भगतसिंग व सुखदेव यांच्यासह पुणे जिल्ह्यातीलच खेडचे शिवराम हरि राजगुरू फासावर गेले. खेडचे आज राजगुरुनगर झाले आहे. राजगुरूंचे नाव घरोघरी ठाऊक आहे. शेजारच्याच तालुक्यातील पिंगळ्यांचे नाव मात्र पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या ओळीतच भेटते. महाराष्ट्र, बंगाल आणि पंजाब यांना एका ध्येयाने जोडणाऱ्या या तरुणाचे चरित्र नव्या पिढीच्या हाती जाणे, हेच त्याचे उचित स्मरण ठरेल.