परतीची गाडी रिकामी, भाडे मात्र आपल्या गठाणीवर

मालेगावहून भिवंडीला कोरे कापड घेऊन गेलेली गाडी रिकामी परतली तर नुकसान मोटारमालकाचे, अशी आपल्या बाजारात समजूत आहे. आम्हाला ती पटत नाही. मोटारमालक भाडे सांगतानाच परतीचे डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता त्यात धरून घेतो. म्हणजे रिकाम्या फेरीचे पैसे माल पाठवणाराच भरतो, फक्त ते त्याला दिसत नाहीत.

हिशेब करून पाहू. समजा, गाडीत 50 गठाणी गेल्या आणि जाण्यायेण्याचा एकूण खर्च 15 हजार रुपये आला. गठाणीमागे 300 पडले. परतीला सुताचे 5 हजार भाडे मिळाले आणि भरल्या गाडीचे जादा डिझेल व भराई यांत 1 हजार गेले, तर 4 हजार सुटतात. आता बोजा 11 हजारांचा, गठाणीमागे 220. वाचलेले 80 रुपये कोणी सगळे आपल्या हातात ठेवणार नाही. निम्मे मागावेत, आणि बिल्टी फाडण्याआधी मागावेत. नंतर कोण ऐकतो?

परतीला माल नसतो असेही नाही. सूत, लूमचे सुटे भाग, किराणा मुंबई-भिवंडीकडून येतच असतो. अडचण एवढीच की कापड पाठवणारा एक, सूत मागवणारा दुसरा. दोघे एकाच मोहल्ल्यात राहतात, पण गाड्या वेगवेगळ्या ठरवतात. चार-पाच कारखानदारांनी एकाच ट्रान्सपोर्टवाल्याला आपल्या जावक-आवकेचे दिवस आधी सांगितले, तरी पुष्कळ काम होते.

मात्र परतीच्या भाड्याच्या लोभाने गाडी खोटी करू नये. गाडी उभी राहण्याचे दिवसाला 2 हजार धरा, दोन दिवसांत वरचे 4 हजार साफ! त्यापेक्षा रिकामी आलेली बरी. वाराकडेही लक्ष हवे. आपल्याकडे लूमची सुट्टी शुक्रवारी, मुंबईच्या कापडबाजाराची रविवारी. शनिवारी रात्री निघालेली गाडी तिथे जाऊन नुसती उभी राहते. परतीचा माल ठरलेला नसेल तर गाडी सोडण्याची घाई करू नये.

राजस्थानात पाली-बालोतऱ्याला रंगाई-छपाईसाठी कापड पाठवणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. आज नेलेले कापड तीच गाडी आणू शकत नाही. तेव्हा मागचा लॉट तयार झाल्याची पक्की खबर घेऊनच नवा लॉट चढवावा आणि गाडीचा नंबर तिकडे आधी कळवावा. दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला जाणारा माल 50 हजारांच्या आतला असला तरी ई-वे बिल लागते. परतीच्या मालाचे बिल वेगळे. साध्या मालाला दर 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. वाटेत दुसऱ्यांचा माल चढवत-उतरवत बसल्यास ती संपते. मुदत सरण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते, हे ड्रायव्हरलाही माहीत असावे.

शेवटचे, गाडी आतून पाहून घ्यावी. नुकताच कांदा किंवा सिमेंट उतरवलेल्या गाडीत सूत किंवा तयार कापड चढवू देऊ नये. ओल आणि धूळ कोनपर्यंत पोहोचते. फळ्या झाडून घ्याव्यात, खाली एक ताडपत्री, वर दुसरी, आणि वाटेत जादा माल भरायचा नाही असे बिल्टीवर लिहून घ्यावे.