वाटाण्याचे रोप आणि पहिली पटकथा

पुण्याहून मुंबईकडे जाणारी आगगाडी मावळात शिरली, की दोन्ही अंगांना सह्याद्रीचे डोंगर दिसू लागतात. लोणावळ्याच्या अलीकडे मळवली हे लहानसे स्थानक लागते. कार्ले व भाजे येथील लेणी पाहावयास जाणारे प्रवासी तेथे उतरतात. याच मळवलीस एके काळी थोर चित्रकार राजा रविवर्मा यांचा छापखाना होता. मुंबईत सुरू झालेला हा छापखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आणण्यात आला. येथे छापलेली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघरी गेली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका गृहस्थाने जवळच लोणावळ्यास आपला चित्रे कोरण्याचा व छापण्याचा व्यवसाय थाटला. रविवर्म्यांच्या छापखान्याचे पुष्कळसे काम ते करीत. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला.

शिळाप्रेसवर रंगीत चित्र छापणे हे मोठे चिकाटीचे काम असे. चित्रातील प्रत्येक रंगासाठी निराळा दगड तयार करावा लागे. एकच कागद एकामागून एक अशा अनेक दगडांवरून जाई, तेव्हा कोठे देवीची मूर्ती पूर्ण होई. कागद केसभर सरकला, तर ओठांचा रंग गालावर येई. म्हणून कोणता रंग आधी द्यावयाचा, कोणता नंतर, हे पहिला कागद उचलण्यापूर्वीच ठरलेले असे. आधी विचार, मग आखणी आणि शेवटी कृती, ही शिस्त या कामात पाळावीच लागते. फाळक्यांना ती पुढे फार उपयोगी पडली.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग अशा अनेक विद्या त्यांना अवगत होत्या. लोणावळ्याचा व्यवसाय पुढे मुंबईस गेला. तेथे भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळक्यांनी छापखाना सोडला. वयाची चाळिशी आलेली, घरात मुले लहान आणि मिळकत थांबलेली, अशी त्यांची स्थिती झाली.

त्याच सुमारास त्यांनी मुंबईच्या एका तंबूत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता. पण फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देशातील कथा आपल्याच माणसांनी पडद्यावर का आणू नयेत, या विचाराने त्यांची झोप उडाली. ते रोज चित्रपट पाहू लागले आणि रात्री जागून प्रयोग करू लागले. डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. योग्य उपचार झाले आणि सुदैवाने दृष्टी परत आली. बरे होताच ते पुन्हा कामाला लागले. विम्याचे कागद तारण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी चित्रपटकलेची माहिती करून घेतली, कॅमेरा विकत घेतला आणि एप्रिलमध्ये ते परत आले.

आता मोठे चित्र काढावयाचे, तर त्यास मोठे भांडवल हवे. परंतु भारतीय माणूस चित्रपट तयार करू शकेल, यावर कोणाचा विश्वास बसेना. लोकांना नुसत्या शब्दांनी पटवून देणे अवघड होते. त्यांना काहीतरी प्रत्यक्ष दाखवावयास हवे होते. फाळक्यांच्या हाताशी नट नव्हते, नेपथ्य नव्हते आणि खर्च करावयास पैसाही नव्हता. अशा वेळी त्यांनी निवडलेला नायक फार लहान होता. तो होता वाटाण्याचा दाणा!

त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा रोवला. रोप वाढत जाईल तसतशी त्याची चित्रे ठरावीक अंतराने ते घेऊ लागले. हे काम महिनाभराहून अधिक काळ चालले. त्या काळच्या मूकपटात एका सेकंदात सुमारे १६ चित्रे डोळ्यांपुढून सरकत. म्हणजे एका मिनिटासाठी जवळजवळ १,००० चित्रे लागत. ही चित्रे सलग दाखविली, तेव्हा महिन्याहून अधिक दिवसांची वाढ एका मिनिटाहून थोड्या अधिक वेळात पडद्यावर उलगडली. 'अंकुराची वाढ' हा तो लघुपट होय. फाळक्यांनी तो काही निवडक गृहस्थांना दाखविला. दाण्याचा वेल होताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि ज्यांना आधी शंका होती त्यांच्यापैकी काहींनी कर्ज देऊ केले.

या लघुपटाची पटकथा लिहावयाची झाली, तर ती कशी होईल? चित्रपटात काय काय दिसेल, हे क्रमाने सांगणारे लेखन म्हणजे पटकथा. वाटाण्याच्या रोपाची पटकथा पाच ओळींत मावेल:

१. कुंडीतील काळी माती. काहीही हालत नाही.
२. मातीला बारीक तडा जातो.
३. वाकलेला कोंब वर येतो आणि सरळ होतो.
४. पाने उलगडतात. कोवळे तणावे आधार शोधू लागतात.
५. तणावा काठीला विळखा घालतो. वेल वर चढतो.

या पाच ओळींत आरंभ आहे, उत्कंठा आहे आणि शेवटही आहे. 'निसर्गाची लीला अगाध आहे' असे वाक्य मात्र त्यांत नाही. कारण कॅमेऱ्याला लीला दिसत नाही, त्याला तडा दिसतो. लीला पाहणाऱ्याच्या मनात उमटावयाची असते. पटकथा लिहिणाऱ्याने प्रथम शिकावयाचा धडा हाच होय.

गोष्ट लिहिताना आपण 'आजोबांना पावसाची काळजी वाटत होती' असे सहज लिहून जातो. निबंधात हे वाक्य शोभते. पटकथेत मात्र पुढचा प्रश्न उभा राहतो : काळजी दाखवावयाची कशी? मावळातील भाताच्या शेतीवर लघुपट काढावयाचा आहे, असे समजू. पाऊस लांबला आहे आणि लावणी अडली आहे. त्याची पटकथा अशी लिहिता येईल:

दृश्य १. कोरडे खाचर. आजोबा बांधावर उभे आहेत. ते आकाशाकडे पाहतात आणि खाली बसतात.
दृश्य २. घराची ओसरी. खुंटीवर इरले टांगलेले आहे. त्यावर धूळ साचली आहे. नात त्या धुळीत बोटाने रेघ ओढते.
दृश्य ३. वाफ्यातील भाताची रोपे पिवळी पडली आहेत. नात कळशीने त्यांना पाणी घालते. पाणी अर्ध्या वाफ्यालाच पुरते.
दृश्य ४. कळशीच्या तळाशी थोडे पाणी उरले आहे. त्यात वरून एक थेंब पडतो. मग दुसरा. नात मान वर करते.
दृश्य ५. पुन्हा ओसरी. खुंटी रिकामी आहे.

शेवटच्या दृश्यात माणूस नाही आणि शब्दही नाही. तरीही इरले घेऊन आजोबा शेतावर गेले, पाऊस आला आणि घरात आनंद झाला, हे पाहणाऱ्याला न सांगता कळते. दुसऱ्या दृश्यातील खुंटी पाचव्या दृश्यात कामी येते, म्हणून ती आधी दाखविणे अवश्य होते. शिळाप्रेसवर ज्याप्रमाणे रंगांचा क्रम आधी ठरवावा लागे, त्याचप्रमाणे पटकथेत दृश्यांचा क्रम आधी ठरवावा लागतो.

फाळक्यांची पुढची पटकथा पुष्कळच मोठी होती. राजा हरिश्चंद्राची कथा त्यांनी स्वतःच चित्रपटासाठी लिहून काढली. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले. कच्च्या फिल्मला अंधारात भोके पाडणे, रसायने कालविणे, फिल्म धुणे ही कामे त्या करीत. शिवाय चित्रपटात काम करणाऱ्या सर्व मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. दत्तात्रय दामोदर दाबके हे हरिश्चंद्र झाले. चित्रपटात काम करावयास स्त्रिया तयार होईनात, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र हा रोहिदास झाला. सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसाठी लागला, आणि भारतीय चित्रपटाचा पाया घातला गेला.

एवढे यश मिळाल्यावरही फाळक्यांनी लघुपट सोडले नाहीत. 'आगकाड्यांची मौज' त्यांनी काड्यांच्या खेळातून उभी केली. मावळातील तळेगावच्या काचेच्या कारखान्यावरही त्यांनी लघुपट काढला. हा कारखाना पैसा फंडाचा होता. लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून तो उभा राहिला होता. आगकाडी असो, काच असो वा वाटाणा असो, फाळक्यांनी लहान वस्तूला कधी क्षुल्लक मानले नाही.

दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे निवर्तले. त्यांच्या काळी फिल्म महाग होती. एक दृश्य चुकले तर पैसा आणि श्रम दोन्ही वाया जात. आज कॅमेरा पुष्कळ घरांत आहे आणि चित्र पुसून पुन्हा घेणे सोपे झाले आहे. तथापि काय दाखवावयाचे, हे अजूनही माणसालाच ठरवावे लागते. त्यासाठी लागतो तो एक कागद, एक पेन्सिल आणि कुंडीतील मातीकडे महिनाभर पाहत राहण्याची तयारी.

शब्दार्थ
शिळाप्रेस – दगडावर चित्र उमटवून त्यावरून छापण्याचे यंत्र. मनश्चक्षू – मनाचे डोळे. नेपथ्य – प्रसंगाला साजेशी केलेली मांडणी. तणावा – वेलीचा आधार धरणारा दोरीसारखा भाग. खाचर – बांध घालून पाणी अडविलेले भाताचे शेत. इरले – पावसात डोक्यावर व पाठीवर घ्यावयाचे बांबूचे व पानांचे आच्छादन.

अभ्यास
१. शिळाप्रेसवरील छपाई आणि पटकथालेखन यांत कोणते साम्य आहे?
२. फाळक्यांनी आपल्या पहिल्या लघुपटासाठी वाटाण्याचा दाणा का निवडला असेल?
३. पुढील वाक्ये डोळ्यांना दिसतील अशा रीतीने लिहा : (अ) बाळूला खूप भूक लागली होती. (आ) आई थकली होती. (इ) दोघा मित्रांचे भांडण मिटले.
४. मावळच्या पटकथेतील दुसरे दृश्य गाळले, तर शेवटच्या दृश्यावर काय परिणाम होईल?
५. आपल्या घरातील किंवा परिसरातील एखादी लहान वस्तू सात दिवस रोज पाहा. तिच्यावर पाच दृश्यांची पटकथा लिहा. 'वाटले', 'समजले', 'आठवले' हे शब्द वापरू नका.