जुन्या नोंदींची सवीर्यता : चिकित्सालय व औषधालयातील संगणकीय साठ्याचा विचार

शार्ङ्गधरसंहितेच्या प्रथम खंडात औषधांच्या सवीर्यतेचा काळ सांगितला आहे, तो वाचकांस परिचित आहेच. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटी व अवलेह वर्षभर टिकतात. आसव, धातू आणि रस मात्र जुने होतील तसे गुणवान ठरतात. म्हणजे केवळ वय पाहून औषध टाकावे असे आचार्यांनी म्हटलेले नाही; कल्प कोणता हे त्यांनी आधी पाहिले. चिकित्सालयात व औषधालयात वर्षानुवर्षे साठत जाणाऱ्या संगणकीय नोंदींना हाच विचार लावावा असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेच आहे.

जुन्या नोंदी आपोआप स्वस्त साठ्यात हलविण्याची सोय आता सामान्य व्यावसायिकाच्याही आवाक्यात आली आहे. कल्पना मात्र नवी नाही. आपल्या पेढ्यांतून चालू वर्षाची रोजकीर्द आणि खतावणी गादीशेजारी असे, मागील वर्षाची कपाटात जाई आणि त्याहून जुनी रुमालात बांधून माळ्यावर चढे. सरकारी दफ्तरातही अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून कोणता कायम ठेवावा व कोणता कधी नष्ट करावा हे ठरविलेले असते. भाड्याने मिळणाऱ्या संगणकीय साठ्यात, ज्याला क्लाउड म्हणतात, हेच स्तर आहेत. ॲमेझॉनच्या एस-थ्री सेवेत नेहमीचा साठा, क्वचित लागणाऱ्या वस्तूंचा साठा आणि ग्लेशियर नावाचे दीर्घकालीन साठे आहेत. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर सेवेत हॉट, कूल, कोल्ड आणि आर्काइव्ह असे चार स्तर आहेत. या दोन्ही सेवांची केंद्रे महाराष्ट्रात आहेत : ॲमेझॉनचे मुंबईत २०१६ पासून, मायक्रोसॉफ्टचे पुण्यात २०१५ पासून. एकदा नियम लिहून ठेवला की फाईल तयार होऊन अमुक दिवस झाल्यावर ती खालच्या स्तरावर जाते आणि अमुक वर्षांनी नष्टही होते. माळ्यावर चढविणारा नोकर लागत नाही.

सर्वांत खालच्या स्तराचा मासिक दर नेहमीच्या साठ्याच्या दशांशाहूनही कमी असतो. विक्रेता एवढेच सांगून थांबतो. परंतु तेथून वस्तू परत मागविली तर वेगळे शुल्क पडते आणि वेळही जातो. ग्लेशियर डीप आर्काइव्हमधून फाईल मिळण्यास नेहमीच्या पद्धतीने १२ तासांपर्यंत आणि स्वस्त पद्धतीने ४८ तासांपर्यंत अवधी लागतो. ॲझ्युरच्या आर्काइव्हमधून १५ तासांपर्यंत. शिवाय तेथे ठेवलेली वस्तू १८० दिवसांच्या आत काढली वा पुसली, तरी १८० दिवसांचे भाडे द्यावेच लागते.

आता मुख्य मुद्दा. यंत्राचा नियम फाईलचे वय ओळखतो, रुग्ण ओळखत नाही. एखाद्या रुग्णास सात वर्षांपूर्वी त्वग्विकारासाठी काही महिने रसकल्प दिले होते असे समजू. आज तो अन्यत्र रुग्णालयात दाखल आहे, वृक्कविकाराची शंका आहे, आणि तेथील तज्ज्ञ दूरध्वनीवरून विचारीत आहेत : कोणता कल्प, किती मात्रा, किती दिवस, कोणत्या निर्मात्याचा, कोणता बॅच क्रमांक? या प्रश्नाचे उत्तर "उद्या सकाळी सांगतो" असे देणे रुग्णाच्या हिताचे नाही आणि आपल्या शास्त्राच्या प्रतिष्ठेचेही नाही. रसकल्पांविषयी आज जी शंका घेतली जाते, तिला तत्काळ दाखविता येणारी नोंद हेच खरे उत्तर आहे. ही नोंद आसवाच्या वर्गातली. जुनी झाली म्हणून तिचे मोल घटत नाही. त्याच दिवसाचे प्रतीक्षालयातील कॅमेऱ्याचे चित्रण मात्र चूर्णाच्या वर्गातले आहे. तंटा उद्भवला नसेल, तर दोन महिन्यांनी त्याचा उपयोग नाही. वयाचा एकच नियम दोहोंना लावला की महत्त्वाचे माळ्यावर जाते आणि निरुपयोगी तेथे जागेचे भाडे खाते.

सुदैवाने महत्त्वाचे ते आकाराने फार लहान असते. दिवसाला तीस रुग्ण आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर नऊ हजार नोंदी होतात. अक्षरांत लिहिलेली एक नोंद चार केबी धरली तर वर्षाचा साठा ३६ एमबी आणि वीस वर्षांचा ७२० एमबी. वैद्याच्या उभ्या हयातीतील रुग्णपत्रके खिशातल्या पेनड्राइव्हवर मावतील. ती खालच्या स्तरावर नेऊन काहीही वाचत नाही. उलट अतिलहान फायलींना तेथे किमान आकाराचे भाडे पडते. म्हणून १२८ केबीहून लहान वस्तू एस-थ्रीचे नियम आपण होऊन हलवीतही नाहीत. जागा खातात ती छायाचित्रे. रोज दहा रुग्णांची प्रत्येकी तीन छायाचित्रे, प्रत्येक तीन एमबीचे, तर वर्षाला २७ जीबी. हाताने लिहिलेली पत्रके स्कॅन करून ठेवणाऱ्यांचा साठाही असाच वाढतो. म्हणून अक्षरांतील नोंद जवळ ठेवावी, चित्रे खाली न्यावीत, आणि कोणते चित्र कोठे आहे हे त्या नोंदीत लिहावे. चित्रे हलविण्याचा काळ ती काढल्याच्या दिवसापासून न मोजता रुग्णाच्या शेवटच्या भेटीपासून मोजावा. जीर्ण आमवाताचा किंवा श्वित्राचा रुग्ण दहा वर्षे येत राहतो; त्याची पहिली छायाचित्रे हीच तुलनेसाठी लागतात. एस-थ्रीमधील इंटेलिजंट टिअरिंग हा प्रकार वयाऐवजी वापर पाहतो. ३० दिवस कोणी न उघडलेली वस्तू तो स्वस्त भागात नेतो आणि उघडताच वर आणतो. ज्यांस नियम लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांनी तो निवडावा.

एकट्या वैद्याची यात होणारी बचत महिन्याला थोड्याच रुपयांची आहे, हे स्पष्ट सांगावयास हवे. ज्यांचा सर्व साठा सामान्य गूगल ड्राइव्हवर आहे, त्यांच्यापुढे स्तरांचा प्रश्नच नाही. तेथे ही सोय नाही. परंतु जागा संपली की जुनी वर्षे पुसून टाकण्याची जी प्रवृत्ती आमच्या पाहण्यात येते, तिला हा उपाय आहे. पंचकर्माचे चित्रीकरण ठेवणारी रुग्णालये, तसेच निर्मिती आणि विक्री दोन्ही करणारी औषधालये यांना तर बचतही खरोखर जाणवेल.

औषधालयमालकांनी मुदती आधी पाहाव्यात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब व कागद वार्षिक विवरणाच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ चे विवरण ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत द्यावयाचे होते, म्हणून ते कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवेत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा अंतिम निकाल लागून एक वर्ष होईपर्यंत, यांपैकी जे उशिराचे ते. तेव्हा तंटा सुरू होताच आपोआप पुसण्याचा नियम प्रथम थांबवावा. १९६२ च्या आयकर नियमांतील नियम ६-एफ वैद्यकीय व्यावसायिकास नमुना ३-सी मधील दैनंदिन रुग्णनोंदवही आणि औषधसाठ्याची यादी ठेवण्यास सांगत असे, आणि हिशेब जपण्याची मुदत कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षे होती. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याची अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. पुढील वर्षांसाठी आपल्या सनदी लेखापालांस विचारून घ्यावे.

टॅली वापरणाऱ्यांची अडचण निराळी आहे. रोजच्या बॅकअपमध्ये संपूर्ण कंपनीचा साठा नव्याने उतरतो, म्हणजे वर्षाअखेर त्याच हिशेबाच्या तीनशे प्रती होतात. त्या सर्व स्वस्त साठ्यात ढकलणे म्हणजे एकच वही तीनशे वेळा माळ्यावर चढविणे होय. रोजच्या प्रती महिनाभर ठेवून पुसाव्यात, महिनाअखेरची प्रत वर्षभर जवळ ठेवावी, आणि लेखापरीक्षण झालेली वर्षाअखेरची प्रत तेवढी खालच्या स्तरावर न्यावी. निर्मात्यांनी बॅचच्या निर्मितीनोंदी त्या बॅचची सवीर्यता अवधी संपेपर्यंत आणि पुढे काही काळ जवळच ठेवाव्यात. तक्रार येते ती बहुधा माल बाजारात असताना.

सर्वच कायम ठेवावे असाही अर्थ कोणी घेऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने आहे. ज्या कारणासाठी माहिती घेतली ते संपले आणि अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसेल, तर ती पुसावी असे हा कायदा सांगतो. रुग्णाची उघडी छायाचित्रे "स्वस्त आहे म्हणून" पडून राहणे योग्य नव्हे.

कोल्हापूरकरांस आणखी एक कारण आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. तळमजल्यावरील संगणक आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली बॅकअपची हार्डडिस्क अशा वेळी एकत्रच बुडतात. म्हणून एक प्रत शहराबाहेर हवीच, आणि ती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असावी. तिचा परवलीचा शब्द त्याच संगणकात न ठेवता घरी, कागदावर लिहून ठेवावा. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, सर्वांत खालच्या स्तरावरून एका जुन्या रुग्णाची छायाचित्रे आणि एका जुन्या वर्षाचा हिशेब मागवून पाहावा. किती तास लागले, किती शुल्क पडले आणि फाईल उघडली की नाही, हे तारखेसह नोंदवहीत लिहावे.